कुशल आधी, विशेष मागाहून

जुन्या मराठी पत्राची घडण ठरलेली असे. आधी मायना, मग इकडचे क्षेम सांगून तिकडचे क्षेम लिहीत जाण्याची विनंती, आणि ते झाल्यावर ‘विशेष’. मोहिमेवरून वैरण संपल्याचे कळवायचे असो की सावकाराच्या तगाद्याचे, पत्र एकदम मुद्द्यावर येत नसे. पुढे शाळकरी पत्रलेखनात या साऱ्याची ‘वि. वि.’ एवढी दोन अक्षरे उरली, आणि त्यांचा अर्थ ‘विनंती विशेष’ असा आहे हेही पुष्कळांच्या ध्यानातून गेले. या क्रमाकडे आपण शिष्टाचार म्हणून पाहतो. मला त्यात एक पक्का व्यवहार दिसतो. ज्याचे कुशल आपल्याला ठाऊक नाही त्याचे विशेष आपल्याला नीट वाचता येत नाही. रोजची किरकोळ हालहवाल ज्या वाटेने जाते-येते त्याच वाटेने संकटाची बातमीही येते. आणि ती वाट वापरात नसेल तर संकटाच्या दिवशी ती एकाएकी सापडत नाही. या लेखातले म्हणणे एवढेच आहे. ते पारखून पाहायला मी नंदुरबार जिल्हा घेतला आहे, कारण तिथे ही वाट शब्दशःच अवघड आहे.

मराठीने या देवाणघेवाणीला फारसे मानाचे शब्द दिलेले नाहीत. चकाट्या पिटणे, चऱ्हाट वळणे, पाल्हाळ लावणे. ‘शिळोप्याच्या गप्पा’ हा त्यातल्या त्यात सौम्य प्रयोग, पण व्युत्पत्ती काहीही असो, कानाला त्यातही शिळेपण जाणवतेच. ख्यालीखुशाली, हालहवाल हे बरे शब्द आपण फारसीकडून घेतले. आज काय भाजी केली, म्हैस किती दूध देते, धाकट्याचा दात पडला, नळाला पाणी उशिरा आले, अशा गोष्टी सांगणारा माणूस वेळ दवडतो असे आपण धरून चालतो. अभ्यासक मात्र शंभर वर्षांपासून वेगळे सांगत आहेत. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिआंड बेटांवरच्या निरीक्षणांच्या आधारे १९२३ साली लिहिले, की हवापाण्याच्या गोष्टी बोलणारा माणूस माहिती पुरवत नसतो, तो नाते बांधत असतो. गप्प बसलेला परका माणूस सगळीकडेच भीतीदायक वाटतो. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लोकांची सहज चाललेली संभाषणे टिपली, तेव्हा बोलण्याचा जवळजवळ दोनतृतीयांश वेळ माणसांविषयी आणि नात्यांविषयी खर्च होतो असे आढळले. आणि २०१७ साली गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी प्रयोगांतून दाखवले, की सांगणाऱ्याला वाटते आपली नवलाची गोष्ट लोक आवडीने ऐकतील; प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला जास्त रस वाटतो तो आधीच थोडीफार ठाऊक असलेल्या गोष्टीत. कारण साधे आहे. सांगताना आपण कितीतरी धागे गाळतो, आणि ते भरून काढायला ऐकणाऱ्याकडे काही शिल्लक असावी लागते. ही शिल्लक किरकोळ गप्पांतूनच साठते.

आता जिल्हा. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. तालुके सहा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात, आणि त्यात अनुसूचित जमातींचे लोक शंभरात एकोणसत्तर. पण एका जिल्ह्यात इथे दोन भूगोल आहेत. तापीकाठच्या शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर खानदेशी वळणाची गावे आहेत: सलग घरे, ओटे, मधे पार. तिथे भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे शेजारच्या फोडणीचा वास हीच पहिली बातमी. ‘काय चाली राहिनं, भाऊ?’ असे अहिराणीत विचारायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की पुरे. नंदुरबारची मिरची जिथे वाळत घालतात त्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायकांचे हात आणि तोंड एकाच वेळी चालू शकतात. सातपुड्यात, म्हणजे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरी भागात, गाव या शब्दाचा अर्थच निराळा. तिथे गाव म्हणजे अनेक पाडे, आणि पाडा म्हणजे आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीच्या उतारावर उभी असलेली सुटी सुटी घरे. शेजारी दिसतो, पण ऐकू येत नाही. मराठी कथा-कादंबऱ्यांतून आपल्या मनात बसलेले पाणवठ्याचे आणि पाराचे गाव इथे शोधू गेले तर सापडत नाही, आणि मग बाहेरचा माणूस ‘हे लोक फार बोलत नाहीत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

बोलतात, पण त्यासाठी जागा वेगळ्या लागतात. पहिली जागा आठवडे बाजार. धडगाव किंवा मोलगीच्या बाजारात मीठ, तेल, सुकी मासळी, कापड, बांगड्या घ्यायला तासाभराहून जास्त वेळ लागू नये; माणसे मात्र सकाळी डोंगर उतरून येतात आणि दिवस कलल्यावर जीपगाड्यांना लटकून परत जातात. मधला सगळा वेळ कुठे जातो? सोयरे भेटण्यात. लेक दिलेल्या गावाचा माणूस भेटतो, त्याच्याकडून लेकीची खुशाली कळते, त्याच्या हातून निरोप जातो. हिशेबाच्या वहीत या वेळाला रकाना नाही. पण बाजार बंद राहिला तर पुढचे आठ दिवस मिठावाचून भागवता येते, कोण आजारी, कुणाचा बैल मेला, कुणाकडे पाऊस झाला हे कळत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात हेच बाजार भोंगऱ्या बाजार होतात आणि ढोल घेऊन पाडेच्या पाडे उतरतात. दुसरी जागा सणांची, आणि इथे सातपुड्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. काठी गावच्या राजवाडी होळीला दूरदूरची माणसे जमतात, पण इतर अनेक ठिकाणच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात. दिवाळीही गावोगावी आपापल्या ठरवलेल्या दिवशी होते, आपल्या पंचांगातल्या दिवाळीनंतर कितीतरी आठवड्यांनी. परिणाम असा, की एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या सणाला जाऊ शकतो. एकाच रात्री सगळीकडे दिवे लावणाऱ्या आपल्याला हे गैरसोयीचे वाटेल. पण ज्यांना वर्षभर एकमेकांची भिंत लागत नाही त्यांनी भेटीच्या तारखा पसरून ठेवणे यात मोठे शहाणपण आहे.

या वाटा तुटतात तेव्हा काय होते याची दोन उदाहरणे जिल्ह्याच्या इतिहासातच आहेत. पहिले नर्मदेचे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे येणार होती. मणिबेलीची घरे १९९३ च्या पावसाळ्यात बुडू लागली. नुकसानभरपाईच्या कागदांत जमीन, घर, झाडे मोजली गेली. नदी ओलांडून पलीकडे जाण्याची वाट मोजली गेली नाही. नर्मदेच्या दोन्ही तीरांवर सोयरिका होत्या, राज्ये वेगळी असली तरी. उन्हाळ्यात उथळ होणाऱ्या नदीच्या जागी बारमाही फुगलेला जलाशय आल्यावर पलीकडच्या सोयऱ्याचे तेच घर लांब गेले. या काळातला एक दस्तऐवज माझ्या मुद्द्याला फार जवळचा आहे. महाराष्ट्रातल्या डोमखेडीच्या समोरच्या तीरावर मध्य प्रदेशातले जलसिंधी. तिथल्या बावा महालिया यांनी त्या राज्याचे मुख्यमंत्री दिग्विजय सिंह यांना लिहिलेले पत्र पुढे देशभर वाचले गेले. त्यात आकडे जवळजवळ नाहीत. जंगलातून काय काय आणतो, अडीअडचणीला कुणाकडे जातो, घर बांधायला किती माणसे जमतात, पाहुणा आला की काय होते, असे रोजचे जगणे त्यात ओळीने मांडले आहे. धरणाविषयी कुणाचे मत काहीही असो, ते पत्र वाचल्यावर ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दात काय मावत नाही ते कळते. त्या माणसाने मुख्यमंत्र्यांना आधी आपले कुशल कळवले, आणि तेच त्याचे विशेष होते.

दुसरे उदाहरण उसाचे. दिवाळी आटोपली की जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने. मुकादम उचल देतो आणि उन्हाळ्यापर्यंत टोळी शेतातल्या पालांत राहते. डच समाजशास्त्रज्ञ जान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे येणाऱ्या या खानदेशी मजुरांवर लिहिले तेव्हापासून या व्यवस्थेची अर्थशास्त्रीय बाजू चांगली नोंदलेली आहे. तिची बातमीची बाजू कमी पाहिली जाते. फोन हाती येण्याआधी तोडणीवर गेलेल्या माणसाची खबर गावात येण्याचे मुख्य साधन मुकादम, म्हणजे ज्याचे पैसे त्या माणसाकडे अडकलेले तोच. अशा वाटेने कुशल येत नाही, विशेष तेवढेच येते. शहरी मराठी घरांना तारेची जी धास्ती असे तिचे कारणही हेच. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून कुशल गाळले जाई आणि विशेष तेवढे उरे. दारात तारवाला दिसला की रडू फुटे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण महाग निरोपाचा हा नियम तिच्यापुरता नव्हता. निरोप महागला की लहान गोष्टी आधी गळतात, आणि मोठ्या गोष्टी आल्या की त्या एकट्या, ओळखीवाचून येतात. मोबाइल आला तेव्हा गरिबाने त्यावर शोधलेला पहिला तोडगा मिस्ड कॉल होता. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. बिनपैशाचे कुशल. पत्रातल्या दोन अक्षरांपेक्षाही ते थोडक्यात होते, तरी कामाचे होते. पुढे बोलणे स्वस्त झाले तेव्हापासून पालातून गावी येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न कामाचा नसतो, तो जेवणाचा असतो. आणि ‘जेवलास का’ला मिळणाऱ्या उत्तराच्या सुरातूनच पलीकडचा माणूस ठरवतो की पुढे काही विचारावे की नाही.

आता या म्हणण्याच्या सगळ्यात कसदार पुराव्याकडे येतो: आरोग्य. नंदुरबारचे नाव राज्यात कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बातम्यांत येते, आणि दरवेळी रस्ता नाही, रुग्णवाहिका पोचली नाही, झोळीतून न्यावे लागले, असे कारण पुढे येते. ते खरेच असते. पण सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंच्या अभ्यासातून मांडलेली ‘तीन विलंबां’ची मांडणी सांगते, की दवाखान्यापर्यंत पोचण्यातला उशीर हा दुसरा, दवाखान्यात उपचार मिळण्यातला तिसरा, पहिला उशीर घरातच होतो, जायला हवे हे ठरवण्यात. हे ठरवणे म्हणजे बोलणे. बाळ कालपासून नीट पीत नाही, ही घटना म्हणून क्षुल्लक आहे. ती सांगायला कुणी रोजचे माणूस असेल तरच ती वेळेवर सांगितली जाते. झारखंड आणि ओडिशातल्या तीन जिल्ह्यांत ‘एकजूट’ या संस्थेने यावर मोठी चाचणी केली. गावातल्या बायकांचे गट दर महिन्याला बसत. स्थानिक बाई ते चालवी. बाळंतपणातल्या अडचणी गोष्टींच्या आणि चित्रांच्या आधाराने बोलल्या जात आणि बायकाच उपाय ठरवत. ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू गट असलेल्या भागांत गट नसलेल्या भागांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होते. त्याच सुमारास बांगलादेशातल्या अशाच चाचणीत मात्र फरक दिसला नाही. तिथे गट फार विरळ होते, एका गटामागे माणसे कितीतरी जास्त. हे अपयश माझ्या दृष्टीने तितकेच बोलके आहे. बैठक घेतली एवढ्याने भागत नाही. ती इतकी जवळ असावी लागते की जाता-येता तिच्यात शिरता येईल.

नंदुरबारमध्ये या जवळिकीची किंमत २०२० साली एका अंगणवाडी सेविकेने हातांनी मोजली. साथीच्या भीतीने नर्मदाकाठची कुटुंबे चिमलखेडीच्या अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा रेलू वसावे यांनी मच्छीमाराची छोटी होडी घेऊन अलीगट आणि दादरच्या पाड्यांकडे स्वतः वल्हवत जायला सुरुवात केली. त्यांच्या या फेऱ्यांची दखल देशभर घेतली गेली, बहुतेकांनी ती धाडस म्हणून. धाडस होतेच. पण त्या होडीतून पोषण आहाराच्या पाकिटांबरोबर दुसरेही काही जात होते. बाळाचे वजन करायला वजनकाटा पुरतो. आई घाबरली आहे का, घरात कोण आजारी आहे, गरोदर सून जेवते की नाही, हे विचारायला तिच्याच बोलीत बोलणारी, मागल्या वेळचे आठवणारी बाई लागते. भाषेचा प्रश्न इथेच येतो. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्याला कचेरीत मराठीतून फक्त विशेष सांगता येते, तेही अर्जाच्या भाषेत. कुशल त्या भाषेत त्याला येत नाही. शाळेत नव्याने आलेल्या मुलाला गुरुजींनी ‘काल काय केलं?’ विचारले आणि मूल गप्प राहिले, तर ते मुके नसते. नर्मदाकाठी १९९० च्या दशकात सुरू झालेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीला वर्गात घेतले त्यामागे अध्यापनशास्त्र होतेच, पण मला त्यातली साधी गोष्ट मोलाची वाटते: मुलाला आपला कालचा दिवस सांगता आला. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह याच मातीतला. भिलीला साहित्याच्या बैठकीत आणताना त्याचे शीर्षक मात्र अंथरुणावरच्या वस्तूचे.

इथे एक आडवळण घेतो. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. दहा बोटांचे ठसे आणि दोन डोळ्यांच्या बुबुळांवरून माणूस ओळखण्याची ती सुरुवात. त्या ओळखीचे फायदे-तोटे हा वेगळ्या लेखाचा विषय. पण ओळख या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि टेंभलीत दिली गेली ती त्यांतली एकच.

आता आक्षेप. सगळ्यात जड आक्षेप पहिला घेतो, कारण तो रक्ताने लिहिलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्याच दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. फोनवरून फिरणाऱ्या अफवा आधीपासून कानावर होत्याच. ज्या बाजाराला मी बातमीची रक्तवाहिनी म्हणून मांडतो आहे तिथेच हे विष पसरले, याचे काय? एक फरक आहे, आणि तो कामाचा आहे. किरकोळ गोष्टीला धनी असतो: माझ्या घरी, माझ्या बैलाला, माझ्या सुनेला. खोटी निघाली तर सांगणारा पुढच्या बाजारी सापडतो. अफवेला धनी नसतो. पण एवढ्यावर सुटका करून घेणे प्रामाणिकपणाचे नाही. जी गप्पांची वीण आतल्यांना धरून ठेवते तीच बाहेरच्याला बाहेर ठेवते, आणि त्या पाच जणांना ‘कुठले, कोण’ हे विचारून उत्तर ऐकून घेण्याइतकाही धीर त्या दिवशी जमावाकडे नव्हता. मॅलिनोव्स्कीने सांगितलेली गप्प परक्याची भीती इथे बोलणाऱ्या परक्यालाही लागू झाली. हा दोष माझ्या युक्तिवादात राहतो आणि मी तो राहू देतो.

याच आक्षेपात मोडणारी डाकीण ठरवण्याची प्रथा आणखी अवघड आहे, कारण तिथे सगळे ओळखीचे असतात. कोण कुणाच्या घरी आले, मग कुणाचे मूल तापले, ही बारीकसारीक माहितीच तिथे पुरावा म्हणून वापरली जाते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात अशा छळाला शिक्षा आहे. सातपुड्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे गावोगावी बसून बोलत आले आहेत. आरोप बहुधा कुणावर येतो हे पाहिले की एक गोष्ट दिसते: एकटी बाई, विधवा, जमिनीच्या वादात सापडलेली. तिच्याविषयी सगळे बोलत असतात, तिच्याशी बोलणे आधीच थांबलेले असते. कुणाविषयी बोलणे आणि कुणाशी बोलणे यांत जे अंतर आहे ते कायद्याला पकडता येत नाही, शेजाऱ्याला येते.

दुसरा आक्षेप पोटाचा. ज्याला रस्ता, वीज, रोजगार हवा त्याला गप्पांचे महत्त्व सांगणे ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे का? रस्ता हवाच. पण रस्ता झाला की त्यावरून काय जाते तेही पाहावे. पाड्यावर जीप पोचली तेव्हा बाजार जवळ आला हे खरे, आणि तिच्याच टपावर टोळ्याही निघाल्या. शिवाय गरिबाला फक्त विशेषाची गरज असते, कुशल ही सुखवस्तूंची मिरास, असे मानणे हे कोयत्याने माणसे मोजण्याच्याच जातीचे आहे. तिसरा आक्षेप उलट टोकाचा: आता तर सगळे सगळ्यांना सगळे सांगत असतात, स्टेटसवर ताटाचा फोटो टाकल्याशिवाय घास उतरत नाही, मग कमतरता कसली? कमतरता ऐकणाऱ्याची. स्टेटस कुणी पाहिले ते कळते, पण त्याने काय विचारले? बाजारात सांगितलेल्या गोष्टीला उलट प्रश्न येतो, आणि तो प्रश्न आला की सांगणाऱ्यालाच आपली गोष्ट पहिल्यांदा नीट दिसते. रेंज न मिळणाऱ्या डोंगरातली माणसे रेंजच्या शोधात एखाद्या उंचवट्यावर उभी राहून बोलतात तेव्हा त्यांना हा फरक शिकवावा लागत नाही. तेवढी चढण चढून कुणी नुसता फोटो पाहायला जात नाही.

दिवाळी सरली की पुन्हा टोळ्या निघतील. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, मुले. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या वहीत त्या मुलांच्या नावांपुढे ‘स्थलांतरित’ हा शब्द पडेल आणि पुढच्या काही महिन्यांचे वजनाचे रकाने कोरे राहतील. फोन मात्र येत राहतील, कारखान्याची शिट्टी झाल्यावर, पालाबाहेर चूल पेटल्यावर. मूल आज जेवले का, हे त्यांत रोज कुणीतरी कुणाला तरी सांगत असेल. ते वहीपर्यंत आणायचे असेल तर सेविकेकडे त्या आईचा नंबर हवा, आणि त्याआधी दोघींचे असे बोलणे हवे, की फोन वाजल्यावर आईला वाटू नये आता काय झाले.